तोडणीला चालतात, मग दाखल्याला का चालत नाहीत? ग्रामपंचायतीस खुले पत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांस

विषय : परराज्यातून आलेल्या मजूर कुटुंबांना रहिवासी दाखला न देण्याचा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेतील ठराव मागे घेण्याबाबत आणि या कुटुंबांच्या रोजगाराची नीट व्यवस्था लावण्याबाबत.

आदरणीय सरपंचताई आणि सदस्य मंडळी,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर झालेल्या ग्रामसभेत हात वर करून एक ठराव मंजूर झाला. त्या ठरावात तीन गोष्टी आहेत. परराज्यातून आलेल्या कोणत्याही मजूर कुटुंबाला ग्रामपंचायतीने रहिवासी असल्याचा दाखला द्यायचा नाही. अशा कुटुंबाला कोणी खोली भाड्याने देणार असेल तर त्याने आधी ग्रामपंचायतीची परवानगी घ्यायची. आणि ग्रामपंचायतीच्या कोणत्याही कामावर, मग ते नाली खोदण्याचे असो की घरकुलाच्या गवंडीकामाचे, बाहेरचा माणूस ठेवायचा नाही. त्या सभेत मी बायांच्या रांगेत बसले होते. मी हात वर केला नाही, पण उभी राहून विरोधही केला नाही. त्या दिवशी जे बोलायला हवे होते ते आज लिहिते आहे, आणि गावातल्या सर्वांना वाचता यावे म्हणून उघडपणे लिहिते आहे.

आपण मला ओळखता, परंतु हे पत्र गावाबाहेरचेही लोक वाचतील, म्हणून थोडे सांगते. सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात माझी सहा एकर जमीन आहे. चार एकरांत संत्रा, उरलेल्या दोन एकरांत कपाशी आणि तूर. यजमान गेल्याला अकरा वर्षे झाली. मुलगा आयटीआय करून चाकणला एका कारखान्यात फिटर आहे. बाग माझ्या नावावर असली तरी झाडांची सल म्हणजे वाळलेल्या फांद्या काढणे, आळी करणे, बुंध्यांना बोर्डोपेस्ट लावणे आणि दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराची तोडणी, ही सारी कामे गेली नऊ वर्षे मध्य प्रदेशातल्या मुलताईकडून आलेल्या एका कुटुंबाच्या भरवशावर चालली आहेत. नवरा, बायको आणि दोन मुली असे हे कुटुंब आहे. पहिल्या वर्षी ते मुकादमाच्या टोळीतून कापूस वेचायला आले आणि वेचणी संपल्यावर परत गेले. दुसऱ्या वर्षी आले ते माझ्या शेतातल्या बंड्यात, म्हणजे शेतावरच्या खोलीत, राहिले, आणि आता चार वर्षांपासून माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहतात. त्यांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यांना उद्याही याच गावात राहायचे आहे.

या दोघांना केवळ मजूर म्हणणे मला योग्य वाटत नाही. नवऱ्याने शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांत तीन हंगाम काढून जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरण्याची, म्हणजे कलम करण्याची, कला शिकून घेतली आहे. डोळा भरण्यासाठी किती स्थिर हात लागतो हे या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. डोळा जगला नाही तर अख्खे कलम वाया जाते. बायको तोडणीच्या वेळी दहा-बारा बायांची टोळी सांभाळते आणि फळ हातात घेताच ते कोणत्या प्रतीचे आहे, कोणत्या कॅरेटमध्ये (पेटीत) जायचे आहे, ते सांगते. गेल्या हंगामात एका संत्रा प्रतवारी केंद्राच्या मालकांनी तिचे काम पाहिले आणि यंदापासून तिला हजेरीपटावर, महिन्याच्या पगारावर, भविष्य निर्वाह निधीसह घ्यायची तयारी दाखवली. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या : इथल्या पत्त्याचा कागद आणि बँकेतले खाते.

बँकेने खात्यासाठी इथल्या पत्त्याचा पुरावा मागितला. पुराव्यासाठी ती सप्टेंबरमध्ये आपल्या कार्यालयात आली. तिला ठराव दाखवण्यात आला. दुसऱ्यांदा मी तिच्याबरोबर आले, तेव्हा मलाही तोच ठराव दाखवण्यात आला. पंधरा दिवस वाट पाहून केंद्राने ती जागा दुसऱ्या कोणाला दिली, आणि ती परत रोजाने कॅरेट उचलू लागली. जिला हजेरीपट, पगार आणि निधी मिळणार होता, तिला एका कागदाअभावी पुन्हा रोजंदारीच्या मजुरांच्या ठिय्यावर उभे राहावे लागले. तिची धाकटी मुलगी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जन्मली. त्या मुलीच्या जन्माची नोंद महाराष्ट्राच्या दप्तरात आहे, पण तिच्या आईच्या राहण्याची नोंद कुठेच नाही.

हा ठराव का आला, हे मी विसरलेले नाही. जूनपासून नदीकाठच्या शेतांतून कृषिपंपांच्या केबल चोरीला जात आहेत. माझीही केबल गेली, आणि ऐन मृगाच्या वेळी पंप बंद पडला तेव्हा किती जीव तळमळला ते मी जाणते. पण चोर कोण हे पोलिसांना अजून कळलेले नाही. तपास पूर्ण व्हायच्या आधी आपण गावातल्या सगळ्या मजूर कुटुंबांवर संशयाचा शिक्का मारला. चोरीची खरीच काळजी असती तर गावात कोण राहतो, कुठून आला, कोणाकडे कामाला आहे, याची नोंद ठेवण्याचा ठराव झाला असता. आपण नेमके उलट केले. आता या लोकांची नोंदच होणार नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याच्याविषयी ना पोलिसांना काही सांगता येईल, ना आपल्याला.

‘बाहेरचे’ हा शब्द त्या सभेत अनेकदा उच्चारला गेला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बैतूल, छिंदवाडा आणि आपला अमरावती जिल्हा एकाच राज्यात होते, आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आपल्या आजोबांच्या काळी मुलताईचा माणूस वरुडच्या बाजारात आला तर तो परराज्यातला नव्हता. जी वर्धा नदी आपल्या शेतांना पाणी देते ती मुलताईच्याच डोंगरात उगम पावते. मुलताई-पांढुर्णा भागात आजही अनेक घरांत मराठी बोलली जाते. मेळघाटातला कोरकू आदिवासी आणि बैतूलचा कोरकू यांच्यात सोयरिकी होतात. सीमा कागदावर आखली गेली, पण माणसांचे येणे-जाणे तिच्या आधीपासून चालत आले आहे. आणि समजा कोणी अगदी दूरच्या बिहारमधून जिनिंगवर कामाला आला, तरी भारताच्या संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा, राहण्याचा आणि कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क दिला आहे. ग्रामसभेला खूप अधिकार आहेत, पण हा हक्क काढून घेण्याचा अधिकार तिला नाही.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते. त्या फक्त या ठरावापुरत्या नाहीत. त्यातल्या काही ठरावाच्या कितीतरी आधीपासून चालत आल्या आहेत आणि त्यांना आपण सर्वच जबाबदार आहोत.

पहिली तक्रार त्या कागदाचीच आहे, कारण बाकीची बहुतेक दारे त्याच्यामागे बंद आहेत. आधारवरचा पत्ता बदलायचा असेल तर ठरलेल्या नमुन्यात सरपंचांनी दिलेले पत्र चालते. म्हणजे खुद्द केंद्र सरकारने या बाबतीत आपल्या सहीवर विश्वास ठेवला आहे. असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंद व्हावी म्हणून २६ ऑगस्ट २०२१ रोजी ई-श्रम पोर्टल सुरू झाले. त्यासाठी आधार लागते, आधारशी जोडलेला चालू मोबाइल लागतो, बँक खाते लागते. मजुरी करणाऱ्या माणसाचा मोबाइल नंबर दर दोन वर्षांनी बदलतो. रिचार्ज संपतो, सिम बंद पडते, आणि मग जुन्या नंबरवर येणारा सांकेतिक आकडा कोणालाच मिळत नाही. या गोष्टी फार मोठ्या नाहीत. ग्रामपंचायतीच्या इमारतीतच आपले सरकार सेवा केंद्र आहे, संगणक आहे, चालवणारा माणूस आहे. परंतु हे केंद्र सकाळी उघडते आणि संध्याकाळी, बाया शेतातून परतायच्या आत, बंद होते. ज्यांचा दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी बुडते, त्यांच्यासाठी ते केंद्र नसल्यासारखेच आहे.

दुसरी तक्रार बांधकाम कामगारांच्या दाखल्याची आहे. १९९६ च्या कायद्यामुळे स्थापन झालेले इमारत व इतर बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ राज्यात आहे. त्यात नाव नोंदवायचे तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि खेड्यात ते ग्रामसेवकाकडून, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्याकडून मिळू शकते. आपल्या गावातली घरकुले, समाजमंदिराची भिंत आणि शाळेची संरक्षक भिंत ज्यांनी बांधली त्या गवंड्यांना हे प्रमाणपत्र मिळालेले नाही. खोटी प्रमाणपत्रे मागणारेही येतात आणि उद्या चौकशी लागली तर सही करणारा अडकतो, हे अधिकाऱ्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण त्यासाठी घरकुलाच्या प्रत्येक कामावर हजेरीची साधी वही ठेवता येते. वही नसल्याची शिक्षा ज्याने खरेच विटा रचल्या त्याला होऊ नये.

तिसरी तक्रार मजुरीची आहे, आणि ती लिहिताना मला माझी स्वतःची चूकही सांगावी लागेल. मुकादम पावसाळ्यात त्यांच्या गावी जाऊन उचल देतो. ती उचल पुढे मजुरीतून कापली जाते. किती दिली, किती फिटली, किती उरली, हा सगळा हिशेब मुकादमाच्या वहीत आणि मुकादमाच्या अक्षरात असतो. पहिली पाच वर्षे मी टोळीची सगळी मजुरी त्याच्या हातात देत आले आणि पुढे काय होते ते कधी विचारले नाही. मी पुरुषाला आणि बाईला सारखाच दर देत होते, कारण कॅरेट दोघांचेही सारखेच भरते. एके दिवशी बोलता बोलता कळले की बायांच्या हातात त्यातून बरेच कमी पडत होते. समान कामाला समान वेतन द्यावे असा दंडक या देशात १९७६ पासून कायद्याने आहे, आणि माझ्या बागेत, माझ्या पैशाने, तो पाच वर्षे मोडला जात होता. तेव्हापासून मी प्रत्येकीला तिच्या हातात पैसे देते आणि वहीवर तिचा अंगठा किंवा सही घेते. माझ्यासारखे किती बागायतदार आजही मुकादमाच्या भरवशावर आहेत हे मला मोजता येणार नाही, पण आपणही बागायतदार आहात, आपल्याला अंदाज असेलच.

दुसऱ्या राज्यातून आणलेल्या मजुरांसाठी केंद्राने १९७९ मध्येच कायदा केला होता. ठेकेदाराने परवाना घ्यावा, प्रत्येक मजुराला छायाचित्रासह पासबुक द्यावे, त्यात मजुरी आणि उचल लिहावी, जाण्या-येण्याचा खर्च द्यावा, असे त्यात होते. आता तो विषय २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थळ स्थितीविषयक संहितेत घेतला गेला आहे. नऊ वर्षांत मी एकाही मजुराच्या हातात असे पासबुक पाहिले नाही. हे काम कामगार विभागाचे आहे, ग्रामपंचायतीचे नाही, असे आपण म्हणाल, आणि ते खरेही आहे. पण कामगार अधिकारी जिल्ह्याला बसतात, आणि टोळी कोणत्या रात्री कोणत्या टेम्पोतून उतरली हे फक्त गावाला माहीत असते. ते वर कळवणे तरी आपल्या हातात आहे.

चौथी गोष्ट मुलांची. आई-बाप तोडणीला गेले की दहा वर्षांची मोठी मुलगी तीन वर्षांच्या धाकटीला सांभाळत घरी बसते. मोठी शाळेत नाही आणि धाकटी अंगणवाडीत नाही, कारण ‘यांचा काय नेम, उद्या निघून जातील’ असे सांगितले जाते. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात स्थानिक प्राधिकरणाच्या कर्तव्यांची यादी आहे, आणि तीत स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याचे कर्तव्य स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. जन्माचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाई चांगल्या आहेत. त्यांनी मागच्या वर्षी एका मुलीला वर्गात बसू दिले. पण एकटीच्या चांगुलपणावर हे किती दिवस चालणार? मुलांना सांभाळायला जागा मिळाली तर त्यांच्या आया पूर्ण दिवस काम करू शकतील, आणि त्या मोठ्या मुलीला आपले बालपण मिळेल. दोन्ही गोष्टी एकाच अंगणवाडीच्या दारात अडल्या आहेत.

रेशनविषयी थोडक्यात लिहिते. एक देश एक रेशनकार्ड योजनेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही आहेत, त्यामुळे तिकडच्या कार्डावर इकडे अंगठा लावून धान्य मिळायला हवे. दुकानदार म्हणतो, माल गावापुरताच येतो. मग हे लोक बाजारभावाने धान्य घेतात आणि त्यासाठी मुकादमाकडून पुन्हा उचल घेतात. ठिय्याचे काय? रोज सकाळी बसस्थानकापुढच्या ज्या ठिय्यावर आपलेही मजूर उभे असतात आणि हेही, तिथे सावली नाही, पाणी नाही आणि बायांसाठी संडास नाही.

आता गावातल्या भूमिहीन मजुरांच्या मनात जी भीती आहे तिच्याविषयी. मी ती हलकी मानत नाही. ‘हे आले आणि आमचा भाव पाडला,’ असे वस्तीतल्या बाया मला तोंडावर म्हणाल्या आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण भाव का पडतो ते पाहायला हवे. टोळीतल्या मजुराला कमी पैशांत राबवता येते, कारण त्याच्याकडे कागद नाही, तक्रार करायला जागा नाही, उचल फिटल्याशिवाय निघून जाण्याची मुभा नाही. तो दबलेला आहे म्हणून स्वस्त आहे, आणि त्याच्या स्वस्तपणामुळे आपली बाई दबते. दोघांचा दर एकाच फलकावर लिहिला गेला, दोघांची नोंद एकाच रजिस्टरात झाली, तर मुकादमाला एकीला दुसरीविरुद्ध वापरता येणार नाही. आपल्या ठरावाने मात्र टोळीच्या मजुराला आणखी दाबले, आणि त्यामुळे वस्तीतल्या बायांचाही भाव आणखी पडेल. ज्यांच्या रोजीसाठी हा ठराव केला असे सांगितले जाते, त्यांचेच त्यात नुकसान आहे.

मला सर्वांत जास्त खटकते ती एक गोष्ट अशी. आपल्या गावातून किती पोरे बाहेर आहेत याचा विचार करा. माझा मुलगा चाकणला, आपल्यापैकी एका सदस्यांचा मुलगा रांजणगावला, एकाचा पुतण्या सुरतला. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बाया दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. २०२० च्या टाळेबंदीत आपली पोरे परगावी अडकली होती, तेव्हा आपण गावकरी तिकडच्या सरपंचांना, तहसीलदारांना फोन करकरून विनवत होतो की आमच्या मुलांना परके समजू नका, त्यांना जेवू घाला. माझ्या मुलाला चाकणला खोली मिळवताना, गॅस जोडणी घेताना इथला पत्ता तिथे चालत नव्हता. शेवटी तिथल्या घरमालकाने आणि एका स्थानिक सदस्याने सही करून दिली म्हणून त्याचे निभावले. तो अनोळखी सदस्य आमच्या ठरावासारखा विचार करणारा असता, तर माझा मुलगा आज कुठे असता, हा प्रश्न १५ ऑगस्टपासून माझ्या डोक्यातून जात नाही. आणि गाडगेबाबा ज्या जिल्ह्यात जन्मले त्या जिल्ह्यातले आपण आहोत. परगावी गेलेल्या गरिबाला टेकायला जागा असावी म्हणून त्या माणसाने पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या. २० डिसेंबरला त्यांच्या पुण्यतिथीला आपण गाव झाडून काढतो, तेव्हा हेही आठवावे.

यापुढे मागण्या. यांतल्या बहुतेक मागण्यांना वेगळा पैसा लागत नाही, आणि ज्यांना थोडा लागतो त्या दरवर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात बसू शकतात.

१५ ऑगस्टचा ठराव विशेष ग्रामसभा बोलावून रद्द करावा. खोली भाड्याने देण्यासाठी परवानगीची अट काढून टाकावी. त्याऐवजी घरमालकाने भाडेकरूची माहिती कळवावी, आणि ती मी स्वतः सर्वांत आधी कळवीन.

येणाऱ्या प्रत्येक मजूर कुटुंबाची नोंद ग्रामपंचायतीत एका रजिस्टरात करावी : नाव, मूळ गाव, सोबतची मुले, कोणत्या शेतकऱ्याकडे किंवा मुकादमाकडे काम, मोबाइल नंबर. ही नोंद मदतीसाठी आहे हे त्यांना त्यांच्या भाषेत, हिंदीत किंवा कोरकूत, समजावून सांगावे, नाहीतर भीतीने कोणी पुढे येणार नाही. सहा महिन्यांहून जास्त काळ राहिलेल्यांना, घरमालकाच्या किंवा शेतमालकाच्या लेखी जबाबावर, राहत असल्याचे पत्र द्यावे. या नोंदीची एक प्रत शाळेला, एक अंगणवाडीला आणि एक रेशन दुकानदाराला जावी, म्हणजे कोणालाही ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणता येणार नाही.

तोडणी आणि वेचणीच्या काळात, म्हणजे साधारण ऑक्टोबर ते मार्च, आठवड्यातून दोन संध्याकाळी सेवा केंद्र रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे. आधारमधला मोबाइल बदलण्यासाठी पंचायत समितीने महिन्यातून एकदा गावात शिबिर घ्यावे आणि त्याच शिबिरात ई-श्रम नोंदणी व बँक खाती करून द्यावीत. केंद्रचालकाला जास्त वेळ थांबावे लागेल, त्याचे मानधन ग्रामपंचायतीने द्यावे. आम्ही दहा बागायतदार त्यासाठी वर्गणी काढायला तयार आहोत.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मजुरीचा फलक लावावा : शासनाने ठरवलेले शेतमजुरीचे किमान वेतन आणि गावात चालू असलेला दर, मराठी व हिंदी दोन्ही भाषांत. पैसे ज्याचे त्याच्या हातात किंवा खात्यात द्यावेत असे आवाहन ग्रामसभेने बागायतदारांना करावे. टोळ्या आणणाऱ्या मुकादमांची नावे जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाला दर हंगामात लेखी कळवावीत.

कौशल्याविषयी माझी मागणी पंचायत समिती व जिल्हा परिषदेकडे आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. डोळा भरणारा, प्रतवारी करणारी, छाटणी जाणणारा, गवंडीकाम करणारा, यांच्या हातात कसब आहे, पण ते सांगणारा कागद नाही. आधीच येत असलेल्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थाही आहेत. त्यांची शिबिरे शहरात आणि दिवसा न घेता या पट्ट्यात, हंगाम संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत घ्यावीत. त्यात गावचे मजूर आणि बाहेरचे मजूर एकत्र बसावेत. राज्याच्या उमेद अभियानाच्या बचत गटांत या बायांना सामावून घेण्यास कोणी अडथळा आणू नये. आणि आपल्या शाळेत संध्याकाळी प्रौढ साक्षरतेचा वर्ग सुरू करावा, म्हणजे अर्ज मराठीत भरता येईल आणि मुकादमाची वही वाचता येईल. शिकवायला मी येईन. दहावीपर्यंतचे माझे मराठी त्या कामापुरते पुरेसे आहे.

ठिय्यावर एक शेड, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि बायांसाठी संडास, एवढे पुढच्या आराखड्यात घ्यावे. अंगणवाडी तोडणीच्या काळात सकाळी लवकर उघडावी आणि पाच वाजेपर्यंत चालावी यासाठी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना ग्रामपंचायतीने पत्र द्यावे.

सरपंचताई, या लोकांचे मत इथे नाही, ते त्यांच्या गावी आहे. त्यामुळे त्यांच्या बाजूने बोलल्याने आपल्याला एकही मत मिळणार नाही आणि काही मते जाऊ शकतात, याची मला जाणीव आहे. तरीही आपणास विनंती करते, कारण आपण स्वतः या गावात सून म्हणून आलात तेव्हा नाव लावण्यापासून रेशनकार्डावर चढेपर्यंत किती खेपा घालाव्या लागल्या, हे आपणच मला एकदा सांगितले होते.

दिवाळीनंतर तोडणी सुरू होईल. त्याआधी विशेष ग्रामसभा घ्यावी आणि हा विषय पहिला घ्यावा. या वेळी मी उभी राहून बोलेन. त्या बाईलाही चार शब्द बोलू द्यावेत. तिला मतदान करता येणार नाही, पण तिचे ऐकून घ्यायला हरकत नसावी.

रहिवासी पत्रासाठी तिने केलेला नवा अर्ज, माझ्या घरमालक म्हणून दिलेल्या लेखी संमतीसह, २ ऑक्टोबरपासून आपल्या कार्यालयात आहे. त्याची पोच अजून मिळालेली नाही. ती आधी द्यावी.

आपली,
गावातील एक संत्रा उत्पादक शेतकरी